तळ्याच्या खाली

ज्येष्ठाची दुपार. पांढरीशुभ्र, निर्मेघ, निर्दय दुपार. थरच्या वाळवंटावर ऊन खांबासारखे उभे राहिले होते. टेकडीमागून टेकडी, पिवळ्यामागून पिवळे. आणि त्या पीतवर्ण, अथांग, निःशब्द विस्तारात सावली म्हणावी अशी एकच जागा होती. ती होती सव्वीस हात खोल, जेमतेम तीन हात रुंद अशा एका विहिरीच्या पोटात.

त्या सावलीच्या तळाशी भेराराम खणत होता, आणि काठावर वैजयंती फणसळकर ओणवी झाली होती. मातीच्या थरांत दडलेले पुरातन पाऊस वाचायचे, हा तिचा तीस वर्षांचा उद्योग. ती आज सकाळीच पुण्याहून आली होती. ही विहीर तिच्या जिभेने खणली होती.

हिवाळ्यात या ढाणीजवळच्या, म्हणजे या आठ-दहा झोपड्यांच्या वस्तीजवळच्या, जिप्समच्या जुन्या खाणीत तिला एक शुभ्र थर सापडला होता. त्यात नखाएवढे शंख. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे! हरखून ती सगळ्यांना सांगत सुटली. सहा हजार वर्षांपूर्वी इथे सरोवर होते; नीलजल, कमलवनांकित, बलाकांच्या माळांनी गजबजलेले सरोवर. कमळे तिने पदरची घातली होती. विद्वानांनाही कधी कधी गप्प बसवत नाही.

ढाणीने सरोवर तेवढे उचलले आणि सहा हजार वर्षे सोडून दिली. तहानेला साल कळत नाही.

काल विसाव्या हाताला तेच शंख लागले आणि घरोघर गूळ वाटला गेला. विहिरीच्या भिंतीला आतून गवताच्या जाड दोराचे वेढे द्यायचे, वाळू थोपवायची आणि मग खाली उतरायचे, ही इथली रीत. त्याच विसाव्या हाताला दोर संपला. नवा वळायला चार दिवस लागले असते. पण पाणी हाताशी आले म्हटल्यावर चार दिवस कोण थांबतो? खालचे सहा हात उघडेच राहिले.

काठावर भेरारामची बायको धापू उभी होती. मूठ भरत होती, खाली भिरकावत होती. मूठ भरत होती, खाली भिरकावत होती. वरून फेकलेल्या वाळूबरोबर ताजी हवा खाली जाते आणि तळाची तप्त, कोंदट हवा वर येते. खालचा माणूस डोक्यावर पितळी भांडे पालथे घालून खणत राहतो. वाळूच्या हातून श्वास पाठवायचा, आणि वाळूच गिळायला टपलेली. वैजयंतीला ते पाहवत नव्हते.

धापू दम खायला थांबली. मूठ थांबली, आणि तरीही खाली वाळू पडत राहिली.

सर्र... सर्र... सर्र...

उघड्या भिंतीतून सुटलेली बारीक, सोनसळी, संथ धार. धापूच्या भावाने, पूनमारामने, माती उपसायचा दोर हातात घट्ट धरला आणि त्याच्या कपाळावरची शीर ताठ झाली. दोराच्या टोकाला नुसती पाटी होती. खालच्याने स्वतःला बांधून घेतल्याशिवाय त्याला ओढणार तरी कसे?

"भेराराम, वर या! भिंत सुटतेय!" वैजयंती ओरडली.

"जरा दम धरा की, ताई!" खालून हसरा आवाज आला. इचलकरंजीत अकरा वर्षे फरश्या बसवता बसवता त्याने ही मराठी कमावली होती. "शंख गावल्यात, आता पाणी किती लांब असतंय? तुम्हीच सांगितलं न्हवं?"

पूनमारामने त्याच्या बोलीत चार शिव्या हासडल्या. खाली कुदळ चालूच राहिली. तिच्या शब्दावर उतरलेला माणूस आता तिच्याच शब्दावर वर येणार होता, नाहीतर येणार नव्हता. वैजयंतीला भयंकर भीती वाटली. आयुष्यात प्रथमच तिला आपल्या ज्ञानाची लाज वाटली.

सर्र... सर्र...

"भेराराम, शंखांचा पट्टा कुठं दिसतो तुम्हाला?"

"वर. डोक्याच्या वर दोन-तीन हात."

"मग तळं वर राहिलं! ऐका माझं, तुम्ही तळ्याच्या खाली उभे आहात. तिथं तळ्याच्याही आधीचं वाळवंट आहे. पाणी नाही तिथं. कमळंबिमळं सगळं माझ्या मनचं होतं. मी मूर्खासारखी बोलले, मला माफ करा... पण वर या!"

कुदळ थांबली. धापूला मराठीचे अक्षर कळत नव्हते. पण बाईचा चेहरा कळत होता. तिने पदर तोंडात कोंबला.

क्षण गेला. दुसरा गेला. धार जाड झाली.

"कोरडी हाय," खालून आवाज आला. त्यात आता हसू नव्हते. "ताई, कालपासनं कोरडीच हाय."

दोराला दोन हिसके बसले.

ओढा! पूनमाराम ओढू लागला, धापू ओढू लागली, वैजयंतीच्या तळव्यांची साले निघाली तरी ती ओढू लागली. हात-हात करत माणूस वर येत होता. पुरातन अवर्षणातून वर, शंखांकित शुभ्र थरातून वर. अख्ख्या सरोवरातून तो वर आला, आणि कोरडा वर आला. त्याचे खांदे काठाला लागले तेव्हा खाली काहीतरी जडपणे कण्हले, आणि उघडे सहा हात एकमेकांवर कोसळले. मागोमाग दोराचे वेढेही गेले.

भेराराम उताणा पडला होता. डोळ्यांत वाळू, नाकात वाळू, ओठांवर वाळू. छाती मात्र हलत होती. पूनमाराम खाली बसून लहान मुलासारखा रडू लागला.

धापू झोपडीकडे धावली आणि डोक्यावर घागर घेऊन आली. तीन कोसांवरून आणलेले, घरातल्या सहा माणसांचे दोन दिवसांचे पाणी. "थेंब-थेंब घाल," अशा अर्थाचे पूनमाराम काहीतरी ओरडला. तिने ऐकले नाही. तिने घागर सरळ नवऱ्याच्या तोंडावर उपडी केली. डोळे धुतले, ओठ धुतले, केस धुतले. भळभळ, खळखळ, सगळी घागर.

त्याने डोळे उघडले. त्याच्या उशाशी वाळूवर सुपाएवढी ओल पसरली होती, काळीभोर, चमकती, मातीच्या वासाची. वैजयंतीने तिच्यावर हात ठेवला. ओल कडेकडेने आत सरकत आली, परातीएवढी झाली, वाटीएवढी झाली, आणि मग तिच्या तळव्याखाली नुसती वाळू होती, गरम, कोरडी वाळू.