एका पाकिटातल्या गोळ्या

धाकट्या दिराला तिसरी मुलगी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतपणात माझ्या जावेचं रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं, "पुन्हा दिवस गेले तर तुझं काही खरं नाही." दिराला मात्र मुलगा हवा होता. तो तिला दवाखान्याची पायरी चढू देईना.

मी माझ्यापुरत्या पाळणा लांबवायच्या गोळ्या आणायचे. नर्सबाई महिन्याला एकच पाकीट द्यायच्या. धुणं वाळत घालताना मी जावेला म्हटलं, "एक दिवस तू घे, एक दिवस मी."

"अर्ध्यावर भागेल का, जाऊबाई?"

"तापाची गोळी नाही का आपण मोडून दोघींत घेत?"

ती हसली. "मग मुलगा झालाच, तर तोही अर्धा तुमचा."

मला वाचता येत नव्हतं. नर्सबाईंना विचारावं, तर माझंही पाकीट बंद होईल अशी भीती. चार महिने आम्ही गोळ्या वाटून घेतल्या. पाचव्या महिन्यात तिला कोरड्या उलट्या सुरू झाल्या. ती एवढंच म्हणाली, "माझ्या वाट्याची एकही चुकली नव्हती हो."

मग मी नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. गोळी रोजच्या रोज घ्यायची असते. गर्भ काढायला डॉक्टरीणबाई तयार होत्या, पण दिराने तिला घराबाहेर पाठवलं नाही. मला दिवस गेले नाहीत. का, ते आजही कळत नाही.

जाऊ गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात, नऊ मार्चला सकाळी दवाखान्याच्या वाटेवर वारली. ती चोवीस वर्षांची होती.