चंपाबाईची हजेरी

विशाखाच्या मोबाइलला दिवसातून एकशे त्रेचाळीस वेळा वाटायचं, की हिच्या घरी काहीतरी घडलंय. लिंबाची फांदी हलली की ॲप्रनच्या खिशात तो थरथरायचा. कुंपणावरून मांजर गेलं, थरथर. दोरीवरचं लुगडं वाऱ्यानं फुगलं, पुन्हा थरथर. दर वेळी मजकूर तोच, अंगणात हालचाल दिसली. आता अंगण म्हटल्यावर हालचाल दिसणारच, पण हे त्या कॅमेऱ्याला कोणी सांगायचं?

कॅमेरा चोरासाठी लावलेला नव्हता. मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांत चोरानं डोळा ठेवावा असं काही नव्हतंच. तो लावला होता आईसाठी. गेल्या उन्हाळ्यात चंपाबाई चक्कर येऊन अंगणात पडली आणि संध्याकाळचा दूधवाला येईपर्यंत दोन तास तशीच पडून राहिली. विशाखा तेव्हा वाळूजला कारखान्यात सुटे भाग तपासत होती. तिला कशाचा पत्ताही नव्हता. घरात दोघींशिवाय तिसरं कोणी नाही. ते दोन तास विशाखाच्या मनातून काही केल्या जात नव्हते. आई पुन्हा पडली तर आपल्याला लगेच कळलं पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं.

पण झालं भलतंच. सुरुवातीला ती प्रत्येक थरथरीला दचकून मोबाइल काढायची. मग निम्म्या वेळा काढू लागली. पुढंपुढं तर खिशातल्या खिशात अंगठ्यानं सूचना बाजूला सारायची, माशी हाकलावी तशी. अशाच एका थरथरीच्या नादात तडा गेलेला एक भाग तिच्या हातून पास झाला. लाइनवरचे विश्वजीत सर माणूस वाईट नव्हते. ते ओरडले नाहीत, बाजूला घेऊन हळूच म्हणाले, की सोमवारपासून मोबाइल लॉकरमध्ये. मोबाइल लॉकरमध्ये म्हणजे आई पुन्हा त्या दोन तासांत. विशाखाला त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

शनिवारी ती तडक औरंगपुऱ्यात गेली, जिथून कॅमेरा घेतला होता त्या दुकानात. दुकान सुदर्शनचं. गडी मूळचा शेतकरी घरातला. बोलायला कमी, पण बोलला की चिमटा काढणारा. त्यानं तिच्या मोबाइलमधली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाला, ताई, तुमच्या लिंबाचं रोजचं हिंडणंफिरणं सगळं नोंदलं गेलंय, त्याला काम नाही वाटतं. मग गंभीर होऊन म्हणाला, उद्या येतो. रविवारी दुकान बंद असतं, हे त्यानं सांगितलं नाही. ते विशाखाला नंतर कळलं.

रविवारी त्यानं अंगणात खुर्ची टाकली. फाटकावर पंचरंगी धम्मध्वज फडकत होता आणि बऱ्याचशा सूचना त्याच्याच होत्या. ध्वज मागच्या भिंतीवर हलवू का, असं विशाखानं विचारलं, तशी चंपाबाई दारात येऊन उभी राहिली. सुदर्शननं तिचा चेहरा पाहिला. तो म्हणाला, ध्वज राहू द्या त्याच्या जागी, आपण कॅमेऱ्याची नजर वळवू. चंपाबाई आत गेली आणि चहात आलं ठेचायला लागली. तिच्या लेखी माणसाची परीक्षा तिथंच संपली होती.

त्यानं कॅमेरा थोडा खाली वाकवला. मोबाइलच्या पडद्यावर बोटानं एक चौकट आखली. लिंब बाहेर, दोरी बाहेर, ध्वज बाहेर. मग फक्त माणूस दिसला तरच कळव, अशी कॅमेऱ्याला तंबी दिली. ही चौकट गेल्या आठवड्याच्या यादीला लावून पाहिली, तर दिवसाच्या एकशे त्रेचाळीस सूचनांच्या एक्केचाळीस राहिल्या. आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या होत्या.

चंपाबाई दिवसातून एक्केचाळीस वेळा कॅमेऱ्यासमोर येत होती. गुडघे दुखतात म्हणून संडासला जायचं टाळणारी बाई. प्रत्येक वेळी पदर नीट करून, कॅमेऱ्याकडं तोंड करून, मिनिटभर उभी. का येते, हे बघायला सुदर्शननं एक चित्रफीत उघडली आणि आवाज वाढवला.

"विशाखा, जेवली का?" मोबाइलमधून चंपाबाई म्हणाली. "मी बरी हाये."

त्यानं दुसरी उघडली. विशाखा, जेवली का. तिसरी उघडली. आज ऊन लई हाये, पाणी पी. सुदर्शननं मोबाइल विशाखाच्या हातात दिला आणि उगाच कॅमेऱ्याची वायर तपासायला उठला.

विशाखाला माहीतच नव्हतं, की कॅमेऱ्याला आवाजही टिपता येतो. तिनं एकही चित्रफीत कधी उघडली नव्हती. महिनोन्महिने आई विचारत होती आणि ती अंगठ्यानं आईला बाजूला सारत होती. तिला इतकी लाज वाटली, की वर बघवेना. "आई, असं सारखं सारखं कशाला यायचं गं समोर?" ती कशीबशी म्हणाली.

चंपाबाईला प्रश्नच कळला नाही. "हजेरी नको द्यायला?"

मग सगळं बाहेर आलं. चंपाबाई मूळची फर्दापूरकडची. दुष्काळात रोजगार हमीच्या रस्त्यावर तिनं खडी फोडली होती. मुकादम हजेरी घ्यायचा, तेव्हा समोर उभं राहावं लागायचं. एकदा तान्ह्या विशाखाला पाजायला ती बाभळीआड गेली आणि नेमका तेवढ्यात मुकादम आला. "दिसलं नाय की खाडा," चंपाबाई म्हणाली. "दिवसभर हात फुटंस्तोवर खडी फोडली, पन वहीत मी नव्हतेच. म्हनून म्या ठरवलं, आपल्या पोरीच्या वहीत खाडा पडू द्यायचा नाय."

विशाखानं तोंडाला पदर लावला. सुदर्शन बराच वेळ वायरच तपासत राहिला. मग वायर सोडून म्हणाला, "मावशी, मुकादमसुद्धा दिवसातून एक्केचाळीस वेळा हजेरी घेत नव्हता. आपण तीन वेळा ठरवू."

दहा वाजता, एक वाजता, चार वाजता. कारखान्यातल्या चहाच्या आणि जेवणाच्या सुट्ट्या धरून त्यानं वेळा बसवल्या. त्या वेळेपासून पंधरा मिनिटांत माणूस दिसला तर मोबाइल थरथरेल, बाकी दिवसभर मुका. चंपाबाईला भिंतीवरच्या घड्याळात तिन्ही वेळा दाखवल्या. एवढ्यात भागतं व्हय, असं तिनं दोनदा विचारून घेतलं. सोमवारी विशाखानं विश्वजीत सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मोबाइल खिशात ठेवायला परवानगी दिली. त्यांचीही आई गावाकडं एकटी होती, हे त्यांच्या तोंडून त्या दिवशीच निघालं.

दीड महिना छान गेला. मोबाइल दिवसातून तीनदा थरथरायचा आणि तीनही वेळा विशाखाच्या चेहऱ्यावर हसू यायचं.

मग एका गुरुवारी एक वाजला. विशाखानं डबा उघडला, मोबाइल शेजारी ठेवला. एक वाजून पाच मिनिटं. एक वाजून दहा. मोबाइल गप्प. आधीच्या दीडशेच्या गोंधळात हे गप्प राहणं तिला कधी ऐकू आलं नसतं. आता मात्र ते स्पष्ट ऐकू आलं. खाडा. पंधराव्या मिनिटाची वाट न पाहता तिनं शेजारच्या मंजुषाताईंना फोन लावला.

मंजुषाताई धावत गेल्या. चंपाबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून घसरलेली, घामानं चिंब, शब्द अडखळत होते. मधुमेहाची गोळी घेतली होती आणि भाकरी टाकायच्या आधी, उपाशीपोटीच, मेथी निवडत बसली होती. मंजुषाताईंनी साखरेचं पाणी घोटघोट पाजलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. विशाखा पोचली तेव्हा चंपाबाई उठून बसली होती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

त्या रात्री विशाखानं मनातल्या मनात किती जणांचे आभार मानले, मोजदाद नाही. मंजुषाताईंचे, विश्वजीत सरांचे, रिक्षावाल्याचे. पण मन सारखं त्या माणसाकडं जायचं, ज्यानं आपला सुट्टीचा दिवस तिच्या अंगणात घालवला आणि आईचा आवाज बंद न करता बाकीचा गोंगाट बंद केला. एक बटण दाबून त्याला एक्केचाळीसच्या एक्केचाळीस सूचना गप्प करता आल्या असत्या.

शनिवारी ती धपाट्यांचा डबा घेऊन औरंगपुऱ्यात गेली. आईनं स्वतः थापली होती, कोणाचं न ऐकता. सुदर्शन संकोचला. मी काय केलं, नुसत्या सूचना कमी केल्या, असं म्हणत त्यानं डब्यातलं एक धपाटं मोडलं.

"दादा, माझी आई आहे ती तुमच्यामुळं," विशाखा म्हणाली. तिला आडून बोलता येत नव्हतं.

त्यानं घास गिळला आणि काहीतरी आठवल्यासारखं तिचा मोबाइल मागितला. पडद्यावरच्या माइकच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "हे दाबून बोललात की आवाज तिकडं अंगणात निघतो. त्या रविवारीच सांगणार होतो. पण तुम्ही रडत होतात, मग राहूनच गेलं."

सोमवारी एक वाजता मोबाइल थरथरला. विशाखानं पडदा उघडला. चंपाबाई कॅमेऱ्यासमोर उभी होती, पदर नीट केलेला, हातात ताट. ताटात भाकरी आणि मेथीची भाजी. आधी एक घास मोडून तिनं तोंडात घातला, सावकाश चावला, पुरावा म्हणून ताट जरा उंच धरलं, आणि मग विचारलं, "विशाखा, जेवली का?"

विशाखानं माइक दाबला.

"जेवतेय, आई."

अंगणात चंपाबाईनं दचकून वर पाहिलं. मग ताट तसंच हातात धरून ती कॅमेऱ्याखालच्या पायरीवर बसली आणि लेकीसोबत जेवू लागली.