हिलोच्या अंगणात आमच्या घरची नावं

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही सात समुद्र ओलांडून गेलो आणि तिच्या आजोबांनी पोचल्या पोचल्या सगळ्या मांडवाचं तोंड उतरवलं. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली. पण अर्ध्या मिनिटात एवढा घोळ घालणारा विद्यार्थी काही माझ्या वाट्याला आला नव्हता.

मूर्तिजापूरहून हवाई बेटावरच्या हिलो गावी जायला दोन दिवस लागले. खरं तर आम्ही तीन वर्षं उशिरा पोचलो होतो. आमच्या लेकीने, आकांक्षाने, तिकडच्या विद्यापीठात मातीचा अभ्यास करता करता कालेओ नावाच्या तिथल्याच मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून माझ्या नवऱ्याने, महादेवरावांनी, तिच्याशी बोलणं टाकलं. बोलणं सोडाच, तिचं नावही तोंडातून काढत नसत. फोन आला की उठून गोठ्यात जात. नात झाली, लीना नाव ठेवलं, फोटो आले, तरी तेच. मग एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "पासपोर्ट काढाचा म्हनतो." मी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर बेत तिथेच मोडला असता.

तिकडे बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला सगळं गणगोत जमवून जेवण घालतात, त्याला लुआऊ म्हणतात. घराच्या अंगणात मांडव, साठेक माणसं, गाणीबजावणी, आणि मागच्या बाजूला जमिनीत खड्डा करून शिजत ठेवलेलं जेवण. आकांक्षाने सासरी सांगून ठेवलं होतं की बाबा शेतीत गुंतलेले असतात, म्हणून त्यांना बोलायला वेळ मिळत नाही. तिची सासू पुआनानी ही थोराड, शांत बाई होती. तीन वर्षं कोणाची शेती एवढी चालत नाही हे तिला काय कळत नव्हतं?

तरी तिने आमच्यासाठी स्वतः फुलं वेचून हार ओवले होते. त्या हाराला ते लेइ म्हणतात. तिने तो महादेवरावांच्या गळ्यात घातला, त्यांच्या गालाला गाल लावला. यांनी हात जोडले, आणि लगेच हार काढून, नीट घडी घालून टेबलावर ठेवला.

आता आमच्याकडे यात काही वावगं नाही. सत्काराचा हार गळ्यात पडला की लगेच उतरवायचा, ही रीतच आहे. अमरावतीला राजापेठेत यांचा सत्कार झाला, तेव्हा फोटोवाला थांबा थांबा म्हणत राहिला आणि यांनी हार केव्हाच उतरवला होता. "हार घालून मिरवाले मी का पोयाचा बैल हाय?" असं त्यांचं म्हणणं.

पण मांडवातलं गाणं थांबलं. कालेओ खाली बघायला लागला. पुआनानी घरात निघून गेली. आकांक्षा धावत माझ्याजवळ आली.

"आई, देनाऱ्यासमोर लेइ काढला म्हन्जे तुमची माया आमाले नको, असं असते इथं. सासूबाईले वाटून राहिलं, बाबा हेच सांगाले एवढ्या दूर आले."

मी यांना गाठून सांगितलं.

"मले काय मालूम? आता घालू का?"

"आता घातला तं सांगितलं म्हनून घातला, असं म्हनतीन."

ते तसेच मांडवामागे चालते झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे गोठा नव्हता, तर यांनी खड्डा शोधला.

खड्ड्याला तिकडे इमू म्हणतात. पहाटे दगड तापवून, वर केळीचे खुंट आणि पानं अंथरून, त्यात डुक्कर, रताळी, अळूचे कंद पुरून, ओल्या पोत्यांवर माती लोटलेली असते. चार-पाच गडी राखणीला बसले होते. आणि महादेवराव म्हणजे पंचक्रोशीतले रोडग्यांचे माणूस. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे तर परतवाड्याकडच्या यात्रेतही यांना बोलावणं असे. तीनशे माणसांचे रोडगे नुसत्या वासावर ओळखून काढतात. खड्ड्याच्या एका कोपऱ्यातून वाफेची बारीक रेघ निघत होती. वाफ गेली की आतलं कच्चं राहतं, पण कोणाचं लक्ष नव्हतं. यांनी फावडं उचललं, तिथे माती टाकली, पाठीने थापली, आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघाले. कालेओचा काका बघत राहिला. मग त्याने हसून स्वतःची बसायची पेटी यांच्याकडे सरकवली. खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. रागही होताच.

पण गडी लोकांचं जमलं म्हणून पुआनानीचं दुखणं थोडंच गेलं होतं? मी आकांक्षाला घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "आमच्याकडे हार काढतात तो मान नको म्हणून नाही. एवढ्या मानाला मी पुरा पडत नाही, असं सांगायला काढतात." आकांक्षाने ते तिच्या भाषेत सांगितलं. पुआनानीने हात पुसले आणि विचारलं, "मग तुमच्या माणसाला आमचं घर पटलं, हे मला कशावरून कळायचं?"

"मीही तेच बघायला आलेय," मी म्हणाले.

दुपार कलल्यावर खड्डा उघडला. पोती ओढायला महादेवराव सगळ्यांत पुढे. डुकराला काही त्यांनी हात लावला नाही, पण कंद आणि रताळी चवीने खाल्ली. जेवणं आटोपली तशी पुआनानी लीनाला कडेवर घेऊन मधोमध उभी राहिली आणि एका लयीत नावं म्हणू लागली. बाळाचं घराणं होतं ते: पणज्यांचे आईबाप, त्यांचा डोंगर, त्यांचा समुद्र, सगळं पाठ. कालेओच्या नावाशी येऊन ती थांबली आणि महादेवरावांकडे बघू लागली.

"आई, आता आपल्याकडची नावं," आकांक्षा माझा हात घट्ट धरून म्हणाली. "बाबा नाई उठले तं?"

नाही उठले तर माझ्या नातीची अर्धी बाजू साठ माणसांसमोर कोरी राहणार होती, आणि माझ्या लेकीला त्या घरात पुन्हा मान वर करता आली नसती.

महादेवराव उठले. टोपी सारखी केली.

"गोविंदराव. त्याईचे सखाराम. त्याईचे खुशालराव. खुशालरावचा मी, महादेव."

पुआनानीने काहीतरी विचारलं. आकांक्षाकडून मराठी शिकलेला कालेओ म्हणाला, "आणि त्यांच्या आया?"

यांनी मान खाजवली. "आजीले आमी बुढीच म्हनो."

कालेओने ते सांगितल्यावर मांडव हसला. मग मात्र मी उठले. चाळीस वर्षांपूर्वी कापूस वेचताना सासूने मला ही नावं सांगितली होती, आणि आजवर ती कोणी विचारली नव्हती. "गोविंदरावांची भागीरथी," मी वर्गात हजेरी घेतल्यासारखी खणखणीत म्हणाले. "सखारामांची माणिकबाई. खुशालरावांची चंद्रभागा." प्रत्येक नाव सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं. माणिकबाई मूर्तिजापूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. आज तिचं नाव साठ तोंडांत होतं.

"आनि माही बायको जमुना," महादेवराव म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी मला चारचौघांत नावाने म्हटलं नव्हतं. मग ते आकांक्षाकडे वळले.

"आमाले एकच पोरगी." त्यांनी तिच्याकडे हात केला. "आकांक्षा. शिकली, इथवर आली, आपल्या हिमतीनं घर केलं. आमच्या खानदानात एवढं कोनीच नाई केलं. ते माही आकांक्षा. आनि तिची हे लीना."

कालेओने ते सांगितलं. पुआनानीने डोळे टिपले, लीनाला यांच्या हातात दिलं, आणि सगळी नावं पहिल्यापासून पुन्हा धरली, आता आमचीही. लोक मागून म्हणत होते. आमच्या लेकीच्या नावाला मात्र बऱ्याच जणांची जीभ अडखळली, काही जण अध्येमध्येच सुटले.

महादेवरावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"असं नाई. नीट म्हना. आ-कां-क्षा."

मांडवाने म्हटलं. त्यांचं समाधान झालं नाही.

"आकांक्षा," ते रडत म्हणाले. "आनखीन एक डाव."