बाळानं मागितलेलं नाव

दरवर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची पोरं सरोवराकाठच्या त्या गावात शिकायला आणि सेवा करायला येत. सकाळी तिथली लुओ भाषा शिकायची, दुपारी सेवा. सेवा म्हणजे बहुतेक वेळा शाळेची भिंत रंगवणं. दरवर्षी तीच भिंत, फक्त रंग वेगळा. गावाची काही तक्रार नव्हती. पाहुण्यांच्या हाताला काम हवं, एवढं गावाला कळत होतं.

दरवर्षी त्यातली एक मुलगी गावातल्या सिप्रोजच्या घरी राहायची. यंदाची केल्सी भिंतीकडे फिरकलीसुद्धा नाही. ती दवाखान्यात बाळांची वजनं करायची, घरी आली की मासळी निवडायला बसायची आणि सिप्रोजला आई म्हणायची. आधीच्या मुलीही म्हणत, पण धडा पाठ केल्यासारख्या. केल्सीनं चुलीपाशी बसून हाक मारली की सिप्रोज पहिलं भाजलेलं कणीस तिच्या हातात ठेवी, आणि सून बेरिल गाल फुगवून बसे. सिप्रोजला त्याचं काही वाटत नसे. तिचा या पोरीवर पोटच्या लेकीसारखा जीव जडला होता.

बेरिलला मुलगी झाली आणि घरातली झोप उडाली. बाळ रडायचं थांबेना. छातीशी धरलं की तोंड फिरवी. दवाखान्यात तपासून झालं, दोष सापडला नाही, पण वजन उतरत चाललं. एक दिवस केल्सीनं बाळाला वजनाच्या झोळीत ठेवलं, काटा पाहिला आणि तिथंच रडू लागली. बाळ हातचं जाणार, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

केल्सीची मुदत संपली. सकाळी ओगोला गाडी घेऊन आला. विद्यापीठाच्या पोरांची ने-आण तोच करायचा. तिला किसुमूच्या विमानतळावर सोडायचं होतं. किंचाळणाऱ्या बाळाला खांद्यावरून उतरवताना तिचे हात निघेनात.

"जा गं, विमान काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" सिप्रोज म्हणाली आणि तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

दुपारी सिप्रोजच्या नवऱ्याची आत्या, म्हातारी अलूओच, होडीनं पलीकडच्या काठावरून आली. टेकायच्या आधीच तिनं बाळाकडे पाहिलं.

"आजारी कुठंय ही? आपल्यातलं कोणीतरी गेलेलं माणूस परत यायला बघतंय, आणि तुम्ही भलत्याच नावानं हाका मारताय. नाव सापडलं की गप्प बसेल."

मग नावं घ्यायला सुरुवात झाली. सिप्रोजच्या सासूचं झालं. सरोवरात बुडालेल्या दिराचं झालं. ज्याला हयातीत कोणी दारात उभं केलं नव्हतं, त्या चोरट्या चुलतभावाचंसुद्धा झालं. बाळ रडतच होतं, आता तर आवाजही बसला होता.

"माझ्या आईचं घेऊन बघा ना," बेरिल म्हणाली.

"तुझी आई कालच बाजारात टोमॅटोवरून भांडत होती!" आत्या म्हणाली. " जिवंत माणूस बाळात येत नसतं, बाई. आधी मातीत जावं लागतं."

नावं संपली. आत्या घाम पुसत बसली. बेरिलचा धीर सुटला. ती बाळाला थोपटत रडवेली होऊन म्हणाली, "केल्सी असती तर तिनं तरी खांद्यावर..."

बाळ गप्प झालं. त्यानं तोंड उघडलं, छाती शोधली आणि चुटूचुटू दूध ओढू लागलं. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या, तेवढाच आवाज राहिला.

बेरिल हसायला लागली. "आई, बघितलंत? तिची आठवण येत होती लबाडाला!"

आत्या हसली नाही. "दुसरं एखादं नाव घे."

"आता कशाला? पितेय ना ती!"

"घे म्हणते ना."

बेरिलनं आपल्या गेलेल्या आजीचं नाव घेतलं. बाळानं छाती सोडली आणि किंचाळायला सुरुवात केली. आत्यानं वाकून त्याच्या कानाशी, अगदी हळू, "केल्सी" म्हटलं. बाळ शांत झालं.

सिप्रोजनं फोन घेतला. केल्सीचा फोन वाजत राहिला. ओगोलाचा बंदच होता.

"गाडी चालवताना तो बंद ठेवतो," बेरिल म्हणाली. आता तिचाही आवाज उतरला होता.

"पण ती उचलते. माझा फोन ती कायम उचलते."

तिनं पुन्हा लावला. तो पुन्हा वाजून थांबला. हे बाळ गप्प व्हावं म्हणून सिप्रोजनं काय काय नवस बोलले होते, रडून रडून देवाला साकडं घातलं होतं. आता ती बेरिलच्या पायाशी बसली आणि तिनं नातीचं इवलंसं पाऊल हातात घेतलं. आयुष्यात तिनं कुठल्या लेकराला दुखवलं नव्हतं. तिनं करकचून चिमटा काढला.

"रड," ती म्हणाली. "रड गं माझे बाई, एकदाच रड."

बाळानं पाय आखडून घेतला आणि ते दूध पीत राहिलं.