माझ्या चित्रावर फुली कोणी मारली?

मित्रांनो, आकडा म्हटले की तुम्हांला पाढे आठवतील. तो मी नव्हे. मी एक जुना लोखंडी आकडा आहे, हमालाच्या मुठीत असतो तो. माझी पाठ वाकडी व टोक तीक्ष्ण आहे, आणि माझ्या मनात आज राग आहे. रागावलेल्याने आत्मवृत्त सांगू नये असे कोणी म्हणेल. परंतु शांत होण्याची वाट पाहत बसलो, तर गंजून जाईन आणि सांगायचे राहून जाईल.

माझा जन्म अंबाडी नाक्यावर विठू लोहाराच्या भात्यापाशी झाला. पूर्वजन्मी मी एका ट्रकचा धक्के सोसणारा कमानपाटा होतो. भिवंडी-वाडा रस्त्यावरील खड्ड्यांनी तो जन्म संपवला. विठूने मला तापवले, ठोकले, वाकवले आणि बाभळीची मूठ बसवली. पूर्णा गावचा पंढरी मला न्यायला आला. त्याने मूठ आवळून पाहिली.

"विठूदादा, मूठ जरा जाड झालीय."

"मूठ बरोबर हाय. हात बारीक हाय तुझा. दोन वर्षांनी ये नि सांग."

दोन वर्षांनी पंढरीच्या तळहाताला घट्टे पडले आणि माझी मूठ त्यात अशी बसली, जणू हाडच. तो तक्रार घेऊन पुन्हा गेला नाही.

राहनाळच्या एका गोदामात आम्ही कामाला लागलो. भिवंडीच्या लूमना लागणारे सूत तेथे उतरत असे. एकेक गाठ माणसापेक्षा जड. पंढरी माझे टोक गाठीच्या कोपऱ्यावरच्या कानात रुतवी, कंबर ताठ ठेवी आणि हिसका देई. भार त्याच्यापासून हातभर दूर राही. ते हातभर अंतर म्हणजेच मी. तेवढेच माझे जीवनकार्य होते, आणि ते लहान नव्हते.

आमची टोळी बारा जणांची होती. काही पूर्णा-राहनाळचे, काही उत्तरेकडून आलेले. मुकादम होते सावळाराम. दाराजवळच्या भिंतीत बारा खिळे ठोकलेले होते, ज्याचा त्याला एक. काम संपले की आकडा खिळ्यावर टांगायचा. कोणी आजारी पडो, कोणी भाताच्या आवणी-लावणीला घरी राहो, त्याचा आकडा भिंतीवर आहे तोवर टोळीत त्याची जागा आहे. ज्याला टोळी सोडायची, त्याने आपला आकडा स्वतःच्या हाताने उतरवून घरी न्यायचा. मग तो खिळा दुसऱ्याला मिळे. हा कायदा कोठे लिहिलेला नव्हता, तरी मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

माझ्या कौतुकाचाही एक दिवस आला. सन दोन हजार पाचच्या जुलैत पुराचे पाणी गोदामात शिरले. गाठी तरंगू लागल्या आणि गोदामाचा म्हातारा रखवालदार त्यांच्यामागे अडकला. पंढरी छातीभर पाण्यात उतरला. माझे टोक त्याने रखवालदाराच्या कमरपट्ट्यात अडकवले आणि त्याला ओढून काढले. पाणी ओसरल्यावर गोदामाच्या शेठने पंढरीला शाल दिली आणि मला झेंडूची माळ घातली. "हा आकडा माझ्या गोदामातून कधी हलणार नाही," असे शेठ म्हणाले. मी लोखंड असूनही ते खरे मानले.

पुढच्याच वर्षी शेठने गोदाम एका कंपनीला भाड्याने दिले. सूत गेले, खोकी आली. दूरचित्रवाणी संच, धुलाई यंत्रे, काय काय! व्यवस्थापक म्हणून सुधीरसाहेब आले. भिवंडी शहरातील जुन्या घराण्यातले, वडील शिक्षक. बोलणे मृदू, हाती सदैव फाईल.

आणि मित्रांनो, पहिल्याच खोक्यावर मी माझे चित्र पाहिले! जन्मात कोणी माझे चित्र काढले नव्हते. येथे छापलेले होते, अगदी माझ्यासारखी वाकडी पाठ, तसेच टोक. त्या चित्रावर मोठी फुली होती.

सुधीरसाहेबांनी सांगितले, "आजपासून आकडा बंद."

त्यांचे सर्वस्वी चूक होते असे मी म्हणणार नाही. माझे टोक खोक्यात घुसले तर आतील काच फुटेल, हे मलाही समजते. परंतु आकडा बंद केला तर त्याच्या जागी काय? सावळाराम मुकादमांनी खोकी ढकलत न्यायला चाकांची गाडी मागितली. "येणार आहे," असे उत्तर मिळाले. ती येणारच होती. उन्हाळा गेला, पावसाळा आला, ती येतच होती. तोवर माझा पंढरी यंत्राचे खोके पोटाशी कवटाळून उचलत राहिला. जो भार मी हातभर दूर ठेवीत असे, तो आता त्याच्या उरावर होता, आणि मी खिळ्यावरून नुसता पाहत होतो.

गणपतीच्या आधी एक खोके निसटले. ते सावरण्यासाठी पंढरी वाकला, तो पुन्हा सरळ झाला नाही. खोक्याला ओरखडाही आला नाही. सुधीरसाहेबांनी सर्वप्रथम तेच तपासले.

कंबरेची शीर दबली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर शस्त्रक्रिया झाली नाही तर डावा पाय कायमचा जाईल. त्याच सुमारास कंपनीने जाहीर केले की दिवाळीपूर्वी टोळीतील प्रत्येकास कार्ड मिळेल आणि त्या कार्डावर इस्पितळात उपचार होतील. टोळीत कोण कोण, असे साहेबांनी विचारले. मुकादमांनी भिंतीकडे बोट दाखवले. "ज्याचा आकडा खिळ्यावर, तो आमचा." साहेबांनी बारा खिळे मोजून लिहून घेतले. पंढरीचा पाय आता माझ्यावर टांगलेला होता.

दसरा आला. एरवी त्या दिवशी गोदामातच आमची पूजा होई. त्या वर्षी साहेबांनी मनाई केली, कुंकवाचे डाग खोक्यांना लागतात म्हणून. तेव्हा प्रत्येकाने आपला आकडा पूजेपुरता, दुसऱ्या दिवशी परत टांगण्याच्या बोलीवर, घरी नेला. पंढरी अंथरुणावर होता. त्याची पत्नी कमळ हिला वाटले, ज्याने इतकी वर्षे पोसले तो आकडा बिनपूजेचा कसा ठेवायचा? ती स्वतः आली, मला उतरवले, पदरात गुंडाळून घरी नेले. पाटावर बसवले, हळदकुंकू लावले, आपट्याचे पान वाहिले. तिच्या भक्तीत काडीचीही उणीव नव्हती. तीच आम्हांला भोवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंढरीचा पाय बधिर पडला. कमळ त्याला घेऊन ठाण्याच्या इस्पितळात धावली आणि तीन दिवस तेथेच राहिली. अकरा आकडे भिंतीवर परतले. मी मात्र बंद घरात पाटावर बसून राहिलो. त्या तीन दिवसांत मला पाय असते तर!

चौथ्या दिवशी कमळ मला घेऊन गोदामात धावत आली. पंढरीच्या खिळ्यावर एक नारिंगी जाकीट लटकत होते. ठेकेदाराने पाठवलेल्या नव्या माणसाचे.

"ह्ये कोनाचं?" कमळने विचारले.

"बाई, खिळा तीन दिवस रिकामा होता," सुधीरसाहेब मृदूपणे म्हणाले. "आकडा घरी नेला म्हणजे माणूस गेला. यादीतून नाव कमी केले आहे."

"पूजेला नेला व्हता, साहेब. काम सोडाया न्हाय."

"नियम तुमच्या टोळीचाच आहे. मी बनवला का? विचारा मुकादमांना."

मित्रांनो, ज्या कायद्याने दुबळ्याची जागा राखायची, तोच कायदा उचलून त्याच्या डोक्यात घालणे, याहून मोठा अन्याय कोणता?

सावळाराम मान खाली घालून उभे होते.

"दादा, बोला की!" कमळ कडाडली. "रखवालदाराला वढून काढला तवा शाल द्यायला सगले व्हते. आता तोंडात काय लूमचा धोटा अडकलाय?"

मुकादमांनी हळूच विचारले, "वयनी, आकडा खिळ्यावरून उतरवला कोनी?"

"मी. त्यांना उठता येतं का?"

"पंढरीनं हात न्हाय लावला?"

"अवो, त्यो कुशीवर वलत न्हाय!"

मुकादमांची मान वर आली. "साहेब, तुमी नियम अर्धाच लिवला. ज्याचा आकडा, त्यानं सोताच्या हातानं उतरवायचा. बायकूनं उतरवला तर त्ये सोडनं न्हाय. पंढरी टोळीत हाय."

"असल्या गोष्टी फाईलमध्ये चालत नाहीत."

"बरं." मुकादम भिंतीपाशी गेले आणि त्यांनी आपला आकडा उतरवला. "ह्यो मी सोताच्या हातानं काडला. लिवा, सावळाराम गेला."

मग दुसरा आकडा उतरला, मग तिसरा. एका म्हाताऱ्या हमालाचा हात खिळ्यापर्यंत पोहोचेना म्हणून शेजारच्याने हात पुढे केला, तसा तो ओरडला, "अरे, छूना मत! हम खुद उतारेंगे, नियम है!" त्या संतापातही सगळे हसले. सर्वांत शेवटी तो नारिंगी जाकिटाचा मालक पुढे आला. त्याने कोणाकडे न पाहता आपले जाकीट काढले आणि हातावर घेतले.

बारा खिळे रिकामे झाले. फाटकावर दिवाळीच्या मालाच्या चार गाड्या उभ्या होत्या, त्यांचे चालक भोंगे वाजवीत होते. सुधीरसाहेबांनी दोन खोकी स्वतः हलवून पाहिली. तिसऱ्याला हात लावण्यापूर्वी ते कंबर धरून बसले. दुपारी त्यांनी फाईल उघडली आणि खोडलेल्या नावाच्या वर तेच नाव पुन्हा लिहिले. अकरा आकडे पुन्हा भिंतीवर गेले आणि कमळने मला माझ्या खिळ्यावर टांगले. माझ्यावरचे कुंकू कोणी पुसले नाही.

कार्ड मिळाले आणि शस्त्रक्रिया झाली. होळीला पंढरी काठी टेकीत उभा राहिला. पाय वाचला, परंतु भार उचलणे संपले. आता तो गोदामातच स्टुलावर बसतो आणि खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. त्या चिठ्ठीवर फुली मारलेले माझे चित्र असते. त्याच घट्ट्यांच्या हाताने तो दिवसभर माझ्यावर फुली चिकटवीत असतो. पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "रागवू नको रं." मी त्याच्यावर कसा रागवेन? ती त्याची भाकरी आहे.

चाकांची गाडी अद्याप येणार आहे.

माझा राग कोणावर आहे, ते आता ऐका. मी खिळ्यावरून रोज ती खोकी पाहतो. एका चित्रात काचेचा पेला असतो, म्हणजे जपून ठेवा. एका चित्रात छत्री असते, म्हणजे भिजू देऊ नका. एक बाण असतो, म्हणजे उलटे करू नका. वस्तूची केवढी काळजी! परंतु उचलणाऱ्याची कंबर जपा, असे सांगणारे चित्र मी एकाही खोक्यावर पाहिलेले नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरी नवे खोके येईल, तेव्हा ते फाडण्याच्या घाईत राहू नका. त्याच्या चारही बाजू फिरवून पाहा. ते चित्र कदाचित माझ्या नजरेतून सुटले असेल. आणि नसलेच, तर पेन्सिल घ्या, आणि पेला व छत्री यांच्या शेजारी एक माणूस काढा. त्याच्यावर फुली मारू नका.