अंगणात तापलेलं पाणी

त्या आठवड्यात थंडीने पाबळच्या बाजूला जरा अतीच केलं. मल्हारीच्या छोट्या पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरचीची रोपं ट्रेमध्ये माना टाकून उभी होती. टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी सकाळी हाताला चावायचं, आणि तेच झारीने घातलं की रोपं आणखी आखडायची. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत टाय घातलेल्या माणसाने सांगितलं की रोपांना कोमट पाणी द्या. ते कशावर तापवायचं हे त्याने सांगितलं नाही. टाय घातलेली माणसं सहसा तिथवर येत नाहीत.

घरात बंब होता, पण त्याच्यावर मोनालीचं राज्य होतं.

"आत्यांचं अंग पुसायला पाणी लागतं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या मिरच्यांच्या आंघोळी भाईर करा."

सकाळची लाईट नेहमीप्रमाणे गेलेली. तेव्हा मल्हारीने अंगणातच तीन दगड मांडले, वडिलांच्या वेळचा तांब्याचा हंडा माळ्यावरून काढला, आणि बाभळीची लाकडं सारून जाळ केला. बाहेर, तीन दगडांवर, सकाळी सकाळी मोठा हंडा. आपल्याकडे हे दृश्य कधी दिसतं, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या डोक्यात मिरची होती.

आत खाटेवर त्याची आई, मोनाली जिला आत्या म्हणायची ती विठाबाई, दिवाळीपासून पडून होती. डॉक्टरने 'घरी न्या, मागतील ते खायला द्या' म्हणून सांगितलं होतं. ती खायला काही मागत नसे. दिवसातून एकदा विचारी, "नवनाथ आला का?"

नवनाथ म्हणजे धाकटा. कुरकुंभला एका केमिकल कंपनीत कंत्राटदाराच्या हाताखाली होता, दौंडला खोली करून राहायचा. फोनवर दर वेळी म्हणायचा, "येतो दादा रविवारी." रविवार यायचा, नवनाथ यायचा नाही. पोराचंही चुकत नव्हतं. कंत्राटदाराचा नियम साधा होता: आई वारली तर तीन दिवस रजा, आजारी असली तर नाही. "आजारी सगळ्यांच्याच आया असतात," असं तो म्हणायचा.

पाण्याला वाफ धरत होती तेवढ्यात रस्त्यावर मारुतरावांची मोटारसायकल थांबली. गावातल्या प्रत्येक मयतीला पहिला माणूस मारुतराव. बांबू कुणाच्या बांधावर आहेत, मडकं कुठं मिळेल, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांनी दगड पाहिले, जाळ पाहिला, हंडा पाहिला, आणि लांबूनच हात जोडले. मल्हारीला वाटलं, आज आप्पा फारच अदबीने रामराम करतायत. त्यानेही हात जोडले. मारुतरावांनी गाडी वळवली.

झारी भरून तो दोन ट्रेना पाणी घालून येतो तोवर मारुतराव चार माणसं आणि दोन हिरवे बांबू घेऊन अंगणात हजर. मागून मंडपवाल्याच्या खुर्च्याही आल्या.

मारुतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. सुटली बिचारी."

"कोण?"

मारुतरावांनी हंड्याकडे पाहिलं. मल्हारीनेही पाहिलं, मग त्यांच्या मागच्या बांबूंकडे.

"आप्पा, हे मिरच्यांचं पाणी हाय."

"अंगणात? तीन दगडांवर? मिरच्यांना?" मारुतराव आता चिडले होते. "आरं, मग सांगायचं तरी."

"तुम्ही इचारायचं तरी."

"आशा येळेला इचारत्यात व्हय?"

मागच्या चौघांपैकी एकाने बांबू हळूच भिंतीआड ठेवले. मारुतरावांनी घाईघाईने मोबाइल काढला. गावाच्या ग्रुपवर त्यांनीच टाकलेला विठाबाईंचा फोटो केव्हाच फिरत होता, कुणाच्या तरी लग्नातला, डोक्यावर पदर घेऊन हसणारा. खाली जोडलेल्या हातांची रांग. मारुतराव तो काढून टाकायला बोट टेकवणार, एवढ्यात मल्हारीचा फोन वाजला.

नवनाथ होता.

"दादा..." पुढे नुसता श्वास. पाठीमागे कंपनीचा भोंगा. "ग्रुपवर आलंय. खरं हाय का?"

'न्हाई' एवढंच म्हणायचं होतं. मल्हारीने तोंड उघडलं. त्याच क्षणी आतून, विहिरीतून यावा तसा आवाज आला, "कुणाचाय रं? नवनाथचा का?"

मल्हारीने फोनवर तळहात दाबला. हंड्यातलं पाणी कडेने उकळायला लागलं होतं.

"ये तू," तो फोनमध्ये म्हणाला. "गाडी सावकाश चालव."

त्याने फोन खिशात ठेवला.

"मल्ह्या, हे पाप हाय," मारुतराव म्हणाले. मग मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. "मग... ह्ये आता काढू का नको?"

"दुपारपातूर ऱ्हाऊ द्या."

मारुतरावांनी मोबाइल खिशात ठेवला आणि एक खुर्ची ओढून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या मयतीला वेळेच्या आधी आले होते, आणि बसून काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

मल्हारी मात्र कामाला लागला. गरम पाण्यात टाकीचं पाणी मिसळायचं, बोट बुडवून बघायचं, झारी भरायची, एकेका ट्रेवर हलकी धार धरायची. पॉलिहाऊसमध्ये वाफेचा उबदार वास पसरला. सगळे ट्रे झाले तरी त्याने हंडा पुन्हा भरला. कशाला, हे मोनालीने विचारलं नाही. तिनेच दोन लाकडं आणून टाकली.

उन्हं अंगणात आली तेव्हा चौफुला, न्हावरा करत नवनाथ पोचला. खुर्च्या पाहिल्या, जाळावरचा हंडा पाहिला, आणि गाडी तशीच आडवी टाकून त्याने हंबरडा फोडला. मल्हारी त्याच्या दंडाला धरून त्याला आत घेऊन गेला.

"आलास व्हय?" विठाबाई म्हणाली. "आन् रडाया काय झालं? कंपनीतनं काढलं का?"

नवनाथ भावाकडे बघत राहिला. मग खाटेशी बसला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून पुन्हा रडला. बऱ्याच वेळाने मान न उचलता म्हणाला, "दादा, आई मेली म्हणून सांगून आलोय. तीन दिवस दिलेत. आता जवा खरंच व्हईल, तवा मला कोण सोडल? आई काय दोनदा मरती का?"

मल्हारीला हे सुचलंच नव्हतं. आईला लेक भेटावा एवढंच त्याने पाहिलं होतं. शेवटच्या आंघोळीचं पाणी त्याने धाकट्याच्या हातून काढून घेतलं, हे आता त्याला कळत होतं. तो दाराला टेकून उभा राहिला.

विठाबाई छताकडे बघत होती.

"भाईर पाणी तापलंय न्हवं?"

"व्हय आई."

"मग आत्ताच घाल म्हणावं त्याला. तवा न्हाई आला तरी चालंल."

"आत्या, काय बोलता हे!" मोनालीने पदर तोंडाला लावला. पण म्हातारीने एकदा सांगितलं की घरात दुसऱ्यांदा सांगायची पद्धत नव्हती. दोघा भावांनी खाट उचलून अंगणात उन्हाला ठेवली. मारुतरावांच्या माणसांनी पाठ फिरवली, मोनालीने लुगडं आडवं धरलं.

नवनाथने बादलीत पाणी काढलं, टाकीचं मिसळलं, आणि तान्ह्या पोराचं बघतात तसं कोपर बुडवून बघितलं. मग पहिला तांब्या पायांवर घातला. विठाबाईने डोळे मिटले.

"खांद्यावर घाल. चांगलं हाय पाणी."

लुगड्यापलीकडून मारुतरावांनी खाकरून विचारलं, "वैनी, मी बी घालू का एक तांब्या?"

"तू कशाला?" डोळे न उघडता विठाबाई म्हणाली. "तू तर यायचाच हायेस."

नवनाथ दुसरा तांब्या भरायला वाकला.