भिंगावरचं बोट

प्रेरणाचं डोकं पार फिरलं होतं. काचेवरचा चांदीचा तलम थर लेसरच्या झोतानं क्षणभर वितळावा आणि त्याचे डोळ्याला न दिसणारे बारीक थेंब व्हावेत, एवढंच तिला हवं होतं. पण दसऱ्यापासून प्रत्येक काच एकीकडं करपायची, दुसरीकडं कोरीच राहायची.

“तुझ्या हातातच सफाई नाय,” तिचे गाईड पठाडे सर म्हणायचे. फुलंब्रीहून एसटीत उभ्यानं संभाजीनगरला यायचं ते हे ऐकायला!

आज तिनं लेसर बंद केला आणि मान वाकडी करून यंत्राखाली शिरली. झोत ज्यातून काचेवर पडायचा, त्या खाली तोंड असलेल्या भिंगावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा सरांनीच केली होती!

दातओठ खात तिनं भिंग पुसलं, नवी काच लावली. झोत फिरला तशी आरशासारखी काच सगळीकडून सारखी पिवळी होत गेली. हेच ते चांदीचे बारीक थेंब; ते असेच पिवळे दिसतात!

तिची हाक ऐकून सर धावत आले. काच बघून हरखले.

“बघ! उशिरा का होईना, पूजा फळाला आली.”

प्रेरणा तोंड उघडेपर्यंत त्यांनी कपाटातून कुंकवाची पुडी काढलीसुद्धा.